तीन रात्रींचं कलम

साबणाच्या डबीचं झाकण बसत नव्हतं. डबी हिरव्या प्लास्टिकची, एका कोपऱ्यात जरा वितळलेली — कुठल्या तरी हिवाळ्यात हीटरजवळ राहिली असणार — आणि झाकण नेमकं तिथेच अडायचं, दाबावं तर दुसरीकडून उचकटायचं. दरवर्षी हेच. दरवर्षी ती ठरवायची की आता नवीन घ्यायची, आणि वर्षातून एकदाच तर लागते म्हणून ते राहून जायचं. पण आज झाकणाशी झटापट करताना तिला कळलं की हे आपणच लांबवतो आहोत, कारण झाकण बसलं की बॅग भरून होणार, आणि बॅग भरून झाली की... संध्याकाळची बस पकडायची की नाही एवढंच उरणार. तिने डबीला रबरबँड लावला आणि ती टॉवेलखाली कोंबली.

बाहेरच्या खोलीत नणंद वर्तमानपत्राची पानं मुद्दाम वाजवत उलटत होती. भावाच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती शुश्रूषेला येऊन राहिली होती, आणि शुश्रूषा मनापासून करत होती, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. फक्त भावाला दिलेल्या प्रत्येक गोळीमागे भावजयीलाही एक डोस मिळायचा. काल कपाटावरून बॅग खाली आली, तेव्हा तिने शेजारणीला फोन लावला होता — लेकी बोले सुने लागे, तसा — आणि भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "हो ना, नवरा छातीला टाके घेऊन बसलाय आणि बाईसाहेब निघाल्या हवापालटाला."

हवापालट! तिला हसू आलं होतं, आणि हसू आल्याचा रागही. दरवर्षी तीन रात्री जिथे उतरते त्या लॉजमधली हवा एकदा येऊन बघा म्हणावं. जुन्या ग्रंथालयाच्या मागची गल्ली, जिन्यावर ओल्या चटईचा वास, अरुंद पलंग, टेबलाचा एक पाय आखूड, आणि मालकीण अजून तिला 'परीक्षावाल्या बाई' म्हणते, कारण पहिल्यांदा ती आली तेव्हा पुस्तकांचा ढीग घेऊन आली होती. तिथे ती काय करायची? काही नाही. वाचायची, पावाला लोणी लावून खायची, झोपायची. महत्त्वाचं एवढंच की ती घरी नसायची.

लोकांना हे सांगता येत नसे, म्हणून ती सांगतही नसे. तिचा विषय तरी कुठे सांगता यायचा? प्राचीन लॅटिन कविता म्हटलं की लोक आदराने मान डोलवायचे, त्यातली प्रेमाची कविता म्हटलं की जरा जवळ सरकायचे, आणि त्या प्रेमाच्या कवितेतला कायदा म्हटलं की घड्याळ बघायचे. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते कवी. एकाला तर बापाने वकिलीच्या वाटेला लावलं होतं आणि पोरगं कवितेच्या नादी लागलं, पण येताना कचेरीतले शब्द खिशात घालून आलं. प्रेयसीशी करार. करार मोडल्याचा आरोप. देव साक्षीदार. ठरल्या दिवशी हजर राहीन असा जामीन. विद्वान म्हणायचे, ही गंमत आहे, शब्दांचे दागिने आहेत. ती म्हणायची, दागिने कसले, हत्यारं आहेत; ज्या काळात सम्राट लोकांच्या शेजघरात कायदा घेऊन शिरला, त्याच काळात हे कवी त्याच्या नाकासमोर दुसरं न्यायालय मांडून बसले होते. तिच्या पुस्तकाचं पहिलं वाक्यच होतं: प्रेमात विनंती नसते, असतो तो दावा. या वाक्यावर ती आयुष्यभर जगली होती, असं म्हटलं तरी चाललं असतं.

आणि तीन रात्री...

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, भाड्याच्या एका खोलीत, एकाच दिव्याखाली दोघं बसायची — ती प्रबंधाची पुस्तकं घेऊन, तो उद्याच्या तारखेचे कागद घेऊन. तो दिवाणी वकील. ती त्याला तेव्हापासून 'वकील' म्हणायची आणि तो तिला 'पंडिता'. तर एकदा तिने त्याला वाचून दाखवलं. जुन्या रोमन कायद्यात बाई वर्षभर सलग पुरुषाच्या घरी नांदली की ती त्याच्या हाताखाली जायची, वर्षभर वापरलेलं अवजार वापरणाऱ्याचं व्हायचं तशी. पण वर्षात सलग तीन रात्री ती घराबाहेर राहिली तर वर्ष तुटायचं, आणि त्याचा हात तिच्यावर पडायचा राहून जायचा. मग ती आपल्या बापाच्याच सत्तेत राहायची, हे पुढचं वाक्य मात्र तिने वाचलं नाही. एवढं त्याला कशाला? त्याऐवजी तिने त्याला त्या जुन्या कायदेपंडिताचा किस्सा सांगितला, ज्याने असा कीस काढला होता की रोमन दिवस मध्यरात्री सुरू होतो, म्हणून वर्षाच्या अगदी टोकाला निघालेल्या बाईची तिसरी रात्र अर्धी पुढल्या वर्षात पडते, सबब तीन रात्री पुऱ्या भरत नाहीत, सबब बाई नवऱ्याचीच. वकील इतका हसला की घरमालकाने भिंतीवर थाप मारली. मग त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "मान्य. जा दरवर्षी. पण अर्ध्या रात्रीचा वाद नको — चौथ्या दिवशी दुपारी जेवूनच घरी ये."

थट्टाच ती. पण त्या आठवड्यात ती खरंच गेली, आणि दुसऱ्या वर्षीही गेली, आणि मुलगी झाली त्या वर्षी तिला पोटाशी घेऊन गेली, आणि हळूहळू थट्टेतली थट्टा उडून गेली आणि खाली जे राहिलं ते दगडासारखं टणक होतं. संसारात तिने पुष्कळ सोडलं होतं. परदेशातली शिष्यवृत्ती सोडली, सासूच्या आजारपणात दोन उन्हाळे सोडले, स्वतःचं नाव दारावरच्या पाटीवर दुसरं लागलं तेही चालवून घेतलं. हे सोडलं नाही. आणि तो कधी एका शब्दाने म्हणाला नाही की जाऊ नकोस. त्यातच तर सगळं होतं.

आज सकाळी म्हणाला.

चहा पिताना, कपाकडे बघत, जणू कपालाच सांगतो आहे: "या वर्षी नको जाऊस." कारण दिलं नाही. वकील असून युक्तिवाद केला नाही. ती थांबली, पुढचं वाक्य येईल म्हणून — येतंच नेहमी, त्याच्या तोंडी एकटं वाक्य कधी असायचंच नाही — आणि पुढचं वाक्य आलं नाही. तिने "बघू" म्हटलं आणि ती आत येऊन साबणाची डबी शोधू लागली.

घरातून निघताना नणंदेने विचारलं, परत येणार आहेस की परस्परच? दुपारी येते, असं तिने सांगितलं, आणि पायात चपला सरकवताना तिचं बोट अडकलं, कारण वकील दारापर्यंत आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. चालत आला होता. हे अंतर त्याला अजून सोपं नव्हतं.

विद्यापीठापर्यंतचा रस्ता ती चालतच जायची. आज ती भरभर चालली, रस्त्याचा राग आल्यासारखी. असं कसं म्हणाला? इतकी वर्षं ज्याने कधी अडवलं नाही त्याने आत्ताच, छाती उघडून शिवल्यावर, जेव्हा नाही म्हणणारी बाई राक्षसीण ठरते नेमकं तेव्हाच... पण हा अन्याय होता, हेही तिला कळत होतं. तो डाव टाकणारा माणूस नव्हता. आणि त्याला एकटं टाकून ती जात होती असंही नाही, नणंद होती, डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लावल्या होत्या. मग? मग काय हवं होतं त्याला? ऑपरेशनच्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने "आपलं नातं?" असं विचारलं तेव्हा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती "पत्नी" म्हणाली होती आणि तिने सही केली होती, आणि मग हिरव्या भिंतीच्या बोळात बसून तिला वाटलं होतं की बघ, या एका शब्दावर त्यांनी मला त्याची छाती उघडायची परवानगी मागितली, म्हणजे त्याचाच जीव आज माझ्या हाताखाली आला, आणि तो विचारच तिला नकोसा झाला होता. मला नको कुणी हाताखाली. मला कुणाच्या हाताखाली जायचं नाही, आणि कुणी माझ्या हाताखाली यावं असंही नाही. एवढं साधं आहे हे. लोकांना का कळू नये?

विभागप्रमुख वाटच बघत होता. एके काळचा तिचाच विद्यार्थी, आवाज इतका मऊ की विभागात मागून सगळे त्याला 'मखमल' म्हणत. कुणाची बदली करायची असली तरी आधी तो खुर्ची पुढे ओढून द्यायचा. त्याने खुर्ची ओढून दिली तेव्हाच ती समजून चुकली.

विद्यापीठाच्या प्रकाशन समितीचा अभिप्राय आला होता. पुस्तक उत्तम आहे, मखमल म्हणाला, समितीत दुमत नाही, करारांचं प्रकरण तर अप्रतिमच. फक्त ते तीन रात्रींचं प्रकरण. मॅडमनी दिलेल्या कवितांपैकी एकीतही त्या कायद्याचं नाव नाही. प्रेयसी देवीचं व्रत सांगून रात्री नाकारते, दार लावून घेते, कवी बाहेर उंबऱ्यावर पडून रात्री मोजतो, हे सगळं ठीक; पण त्यावरून तिला तो कायदा आठवत होता असं कसं म्हणायचं? शिवाय त्या कवींच्या काळापर्यंत तो कायदा जवळजवळ मेलेलाच होता. पुरावा नाही, मॅडम. एवढं प्रकरण काढलं की पुस्तक या वर्षी येतं. आणि पुढल्या वर्षी मॅडम निवृत्त... हे त्याने पुरं केलं नाही, मखमलीत गुंडाळून टेबलावर ठेवलं.

"जिवंत कायदा कचेरीत जातो," ती म्हणाली. "मेलेला कायदा माणसांच्या सवयीत राहतो, आणि तिथून कवितेत येतो. हेच तर प्रकरण आहे."

"पण हे सिद्ध होत नाही."

"होत नाही. मी तसं प्रकरणात लिहिलंच आहे."

तो थोडा पुढे झुकला. बोलू की नको असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि तिला क्षणभर त्याची कीव आली, कारण पंचवीस वर्षांचा असताना तो याच टेबलासमोर असाच अडखळत उभा राहायचा. "मॅडम, रागावू नका. तुम्ही दरवर्षी तीन रात्री... हे विभागात सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणी परीक्षणात लिहिलं की ही बाईंची स्वतःचीच गोष्ट आहे, तर?"

"तर खरंच लिहिलं असेल," ती म्हणाली. "मखमलसाहेब, मी ते जगून पाहिलं म्हणून मला ते कवितेत दिसलं. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही रोज रात्री घरी झोपता. प्रकरण राहील. नाही तर हस्तलिखित परत द्या."

मखमलसाहेब हा शब्द तोंडातून गेला तो गेलाच. त्याचे कान लाल झाले. ती उठली, खुर्ची होती तिथे मागे सरकवली आणि बाहेर पडली. बोळातून चालताना तिचे पाय हलके पडत होते, आणि तिच्या मनात आलं की हे बरंच झालं, आता आज जायलाच हवं. आता प्रकरण वाचवायचं तर बस पकडायला हवी. ज्या वर्षी छातीठोकपणे सांगितलं त्याच वर्षी घरी बसलो, तर मग उरलं काय? कशात काय अन् फाटक्यात पाय.

तिच्या खोलीत खिडकीखाली लाकडी खोके होते, कार्डांचे. तिची कामाची पद्धत विद्यार्थ्यांच्या चेष्टेचा विषय होती. कवितेतली प्रत्येक ओळ, जिथे कुणी कुणाकडे काही मागतं, ती एका कार्डावर, आणि प्रत्येक कार्ड कायद्यातल्या त्याच्या घरात: करार, साक्ष, शपथ, ताबा, तक्रार, अर्ज. घर नसलेलं कार्ड ठेवायचं नाही, हा नियम. बंद दारासमोर पडलेल्या प्रियकरांची सगळी रडगाणी तिने 'अर्ज' या घरात घातली होती. मोठं घर होतं ते, दोन खोके भरले होते. तिला खरं तर बॅगेत न्यायला दोन पुस्तकं हवी होती. पुस्तकं काढताना तिने सहज, सवयीने, त्या घरातलं एक कार्ड उपसलं आणि उभ्या उभ्याच वाचलं.

दार उघड, थंडी आहे. एवढंच होतं त्यात. हक्क सांगितलेला नव्हता, जुन्या शब्दाची आठवण नव्हती, भेटी दिल्याचा हिशेब नव्हता. ते सगळं त्याच कवितेत होतं, पण वरच्या ओळींत, दुसऱ्या कार्डांवर. या ओळीत फक्त थंडी होती. तिने दुसरं कार्ड काढलं. मग तिसरं. बहुतेक ठिकाणी तिचं बरोबरच होतं — लबाड होते ते कवी, रडतानासुद्धा मुद्दे मांडत होते — पण मधूनच एखादं कार्ड हाताला यायचं आणि त्यात मागण्याखेरीज काहीच नसायचं, मागणाऱ्याच्या हातात काहीच नसायचं, आणि हे आपल्याला कळत नाही असं तो दाखवतही नसायचा. हे अर्ज नव्हते. अर्जाला निदान कलमाचा आधार लागतो. मग कुठल्या घरात घालायचे हे? कोणत्याच नाही. आणि कुठलंच घर नाही म्हणून तिने ते तेव्हा शेजारच्या घरात लोटले होते, बेघरांना लोटतात तसे.

या वर्षी नको जाऊस.

ती खुर्चीवर बसली. तिला प्रचंड राग आला, अगदी खराखुरा. मखमलने तिचं एक प्रकरण मागितलं होतं. या माणसाने कपात बघून चार शब्द टाकले आणि पुस्तकाचं पहिलं वाक्यच खालून काढून घेतलं. तेही स्वतःला पत्ता नसताना. जन्मभर बायकोला लॅटिनमधला एक शब्द नीट उच्चारून दाखवता आला नाही त्याला! आणि रागाच्या तळाशी, तिला नको असताना, दुसरंही काही होतं. कुतूहल. ते तिने वर येऊ दिलं नाही. पुस्तकं न घेताच ती निघाली.

घरी आली तेव्हा नणंद बाजारात गेली होती. वकील खिडकीजवळच्या खुर्चीत होता, मांडीवर उशी. खोकला आला की ती छातीशी घट्ट धरायची असं त्याला शिकवलं होतं. समितीने काय म्हटलं, असं त्याने विचारलं. काढा म्हणतात, ती म्हणाली. मग? नाही काढलं. तो खूश झाला, हे दिसलं. तोच तर पेच होता, तो अगदी मनापासून खूश झाला.

ती समोर बसली. "सकाळी तसं का म्हणालास?"

"सांगतो. पण आधी दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की लपवून ठेवल्या."

पहिली अशी की या तीन रात्री फक्त तिच्या नव्हत्या. सुरुवातीला तो तोंड पाडून बसायचा, वाट बघायचा, तिला वाटायचं तसंच. पण मग त्याला त्या आवडू लागल्या. पलंगावर आडवा झोपायचा. दिवा रात्रभर चालू ठेवायचा. वाटेल तेव्हा खायचा, कोर्टातल्या दोस्तांना बोलावून पत्ते कुटायचा, आणि चौथ्या दिवशी दुपारी दारात तिच्या चपला वाजल्या की पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी यायची; मग जायची. "तुला वाटतं तीन रात्री तूच सुटत होतीस?" तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत तिने त्या लॉजच्या पलंगावरून घरातल्या त्याचं चित्र अनेकदा रंगवलं होतं, पण त्यात पत्ते नव्हते. पलंगावर आडवा! तिला हसायला हवं होतं आणि तिला बोचलं, मत्सर म्हणावा असंच बोचलं, आणि आपल्याला बोचावं याची तिला मोठी चीड आली.

"आणि दुसरं. तीन रात्री बाहेर राहिलेली बाई स्वतःची होत नव्हती, पंडिता. बापाची राहायची. मी दुसऱ्याच दिवशी लायब्ररीत जाऊन वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"समोरच्याचा मुद्दा पडका आहे हे कळलं की वकील लगेच उठतो. नवऱ्याने थोडं थांबावं, असं वाटलं."

थोडं! तिला हसू फुटलं, आणि तोही हसला, आणि हसण्याचा खोकला झाला आणि त्याने उशी आवळली. खोकला थांबेपर्यंत ती त्याच्या मनगटांकडे बघत राहिली. बारीक झाली होती. घड्याळ सैल होऊन हाताच्या आतल्या बाजूला सरकलं होतं.

"भीती वाटते," तो म्हणाला, श्वास जागेवर आल्यावर. "रात्री. छातीतलं ऐकू येत राहतं. ताई आहे ना, हाक मारली की येते. पण हाक मारायला काही तरी व्हावं लागतं गं. काही झालेलं नसताना कुणी शेजारी असावं, असं वाटतं." मग जरा वेळाने: "हा दावा नाही. हक्क काही नाही माझा, 'जा दरवर्षी' म्हटलं त्याच दिवशी मी तो सोडला. तू गेलीस तर मनातसुद्धा धरणार नाही, खरंच सांगतो. पण नको जाऊस."

तिला वाटलं, आता आपण काही तरी म्हणायला हवं. इतके शब्द होते तिच्याकडे, दोन भाषांतले, खोकेच्या खोके. ती उठली, त्याचं घड्याळ तिने बोटाने फिरवून वर आणलं आणि ती आत गेली.

बॅग पलंगावर होती. ती तिच्या शेजारी बसली. खिडकीतून बसथांब्याकडे जाणारा रस्ता दिसत होता, ऊन भिंतींवर चढू लागलं होतं, अजून वेळ होता. हुकूम केला असता तर मी गेले असते. रडला असता, जुनं काढलं असतं, नणंदेला पुढे केलं असतं, तर मी केव्हाच गेले असते, साबणाशिवाय गेले असते. दाव्याला उत्तर कसं द्यायचं ते मला येतं, मी आयुष्यभर तेच केलं. पण या माणसाने हातात काहीच ठेवलं नाही, रिकामे हात दाखवले आणि मागितलं. याला मोडायचं कुठे?

बाहेर नणंद आली. पिशव्या ठेवल्याचा आवाज, मग भावाशी कुजबूज. मग ती आतल्या दारात येऊन उभी राहिली. भावजय बॅगेशेजारी नुसती बसलेली पाहून तिचा चेहरा सैल पडला, जवळजवळ मायाळू झाला. "राहतेस ना?" ती म्हणाली. "बरं केलंस बाई. शेवटी आपली जागा तीच."

बस. एका वाक्यात ती पुन्हा ताठ झाली. म्हणजे राहिलं तर असं दिसणार! नणंद जिंकणार, शेजारणीपर्यंत बातमी जाणार की अखेर बाई जागेवर आली. मखमलला कळणार आणि तो मऊ आवाजात समितीला सांगणार की मॅडमनी स्वतःच ते प्रकरण सोडलं. हात उचलून तिने बॅगेचा बंद धरलासुद्धा. आणि धरल्यावर तिला दिसलं की आपण जायला निघालो ते या दोघांना दाखवायला. इतकी वर्षं मोकळं राहण्यासाठी जी गोष्ट केली, ती आता न करणं शक्य नाही. कलमाने सांगितलं आहे ना, वर्ष संपत आलं, ऊठ. हेही हुकमाचंच झालं की. हा हुकूम तिने स्वतःच काढला होता आणि त्याच्यापुढे ती दरवर्षी न चुकता, बॅग भरून, हजर होत आली होती. कवितेतला कुठलाही जामीन राहिलेला माणूस इतका इमानी नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "माझी जागा कुठली ते मी तुम्हाला विचारलेलं नाही. गेले तर तुम्हाला विचारून जाणार नाही, आणि राहिले तर तुमचं ऐकलं म्हणून राहणार नाही. एवढं लक्षात ठेवा."

नणंद पदर सावरून निघून गेली, आणि स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली. आदळू देत. प्रकरण राहणार होतं. ते खरं होतं, पुरावा असो नसो. आणि त्याच्यानंतर आणखी एक प्रकरण यायला हवं होतं, ज्यांना घर नाही त्या ओळींचं, आणि ते लिहिलं की पुस्तकाचं पहिलं वाक्य उघडं पडणार होतं. पडू दे. समिती काय म्हणेल? आधीच्या प्रकरणात बाई एक सांगतात आणि पुढच्यात त्याच्या उलट. म्हणू दे की. माझं पुस्तक आहे, मला हवं तिथे मी त्यात खोटी पडेन.

ऊन भिंतीवरून गेलं. रस्त्याच्या टोकाला बस येऊन उभी राहिल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा सुस्कारा, माणसं चढली असतील. ती बसूनच होती. बॅगेचा बंद अजून हातात होता, आणि तो सोडला नाही म्हणजे जायचं ठरलं असं नव्हतं, उठली नाही म्हणजे राहायचं ठरलं असंही नव्हतं. यानंतरही एक बस होती, शेवटची. आजची रात्र ती इथे काढो की त्या अरुंद पलंगावर, ती कशात मोजली जाणार नव्हती, त्या रात्रीने वर्ष तुटणार नव्हतं की जोडलं जाणार नव्हतं. उद्या कुणी विचारलंच, का गेलीस, का राहिलीस, तर तिच्यापाशी एकच उत्तर असणार होतं: मला वाटलं म्हणून. कुठल्याही न्यायालयात ते टिकलं नसतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते टिकवायचं नव्हतं.